आपल्याला कारणं, दादाला स्वभाव

पत्र

ताई, नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरात आमचं वडिलांपासूनचं मशिन शॉप आहे. संगणकावर चालणारी दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशिनं, वडिलांच्या काळातलं एक जुनं लेथ आणि नऊ कामगार. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, मशिनिंग करून आम्ही ते पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला देतो. मी आणि दादा निम्म्या-निम्म्याचे भागीदार, चौदा वर्षं झाली. पूर्वी सकाळी नऊच्या आत शटर दादाच उघडायचा. गेलं वर्षभर तो पार बदललाय. अकराला येतो, कधी येतच नाही, फोन उचलत नाही. परवा सगळ्यांसमोर मामांवर ओरडला, ते वडिलांच्या वेळचे कामगार. दुपारी मी पार्टीकडे असलो की मोबाइलवर सीसीटीव्ही बघतो, तर साहेब केबिनमध्ये खुर्चीत डोळे मिटून बसलेले. फेब्रुवारीत न विचारता करंट खात्यातून साठ हजार काढले. विचारलं तर म्हणाला, “सांगतो नंतर.” अजून सांगितलेलं नाही. आळशी झालाय, बेफिकीर झालाय, वर घमेंड आलीय.

ऐंशी टक्के काम मी ओढतोय. पुण्याची मोठी पार्टी मी जिद्दीनं मिळवली. त्यानं आणलेली शिरोलीची ऑर्डर ओळखीवर आलेली. मागच्या महिन्यात माझेही दोन डिस्पॅच चुकले, पण कास्टिंगच उशिरा आलं होतं आणि वीज गेली होती. आई दादाकडे असते. तिचं डायलिसिस दादा-वहिनी बघतात, तो प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की स्वभावाला औषध नसतं, मग वेगळं झालेलं बरं ना? बायकोला हे बोललो तर ती म्हणाली, “तुमचं चुकलं की त्याला कारण असतं, दादांचं चुकलं की तो त्यांचा स्वभाव असतो.” हे फार लागलंय. ती म्हणते ते खरं आहे का?

– धाकटा भाऊ, कोल्हापूर

उत्तर

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पहिला त्यावर अवलंबून आहे. तुमच्या पत्नी म्हणतात ते बऱ्याच अंशी खरं आहे. वेगळं व्हायचं की नाही, ते इतक्यात ठरवू नका. पण ‘काही झालं तरी एकत्रच राहा’ असंही मी सांगणार नाही.

तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. दादांच्या चुकांची जी कारणं तुम्ही दिलीत त्यांच्याखाली रेघा मारत गेले: आळशी, बेफिकीर, घमेंड. तिन्ही माणसाच्या आत राहणाऱ्या गोष्टी. मग तुमच्या चुकलेल्या डिस्पॅचपाशी आले: कास्टिंग आणि वीज. दोन्ही बाहेरच्या. एवढ्यावरच थांबले असते तर पत्नीचं म्हणणं सिद्ध झालं असतं. पण पत्रात यशाचा हिशेबही आहे आणि तिथं सगळं उलटं झालंय. पुण्याची पार्टी तुमच्या जिद्दीनं आली, शिरोलीची ऑर्डर दादांच्या ओळखीनं. म्हणजे चूक झाली की दादा आतून जबाबदार आणि तुम्ही परिस्थितीनं अडलेले, यश आलं की तुम्ही गुणी आणि दादा नशीबवान. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण आपण पोरांच्या भांडणात वापरतो, भागीदारीतही ती तितकीच चालते.

तुम्ही हे लबाडीनं लिहिलंय असं मला मुळीच वाटत नाही. लबाड माणसानं बायकोचं ते वाक्य पत्रात घातलंच नसतं.

ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढं अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रिट्झ हायडर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९५८ साली त्यांनी मांडलं की आपण सगळेच दिवसभर इतरांच्या वागण्याची कारणं शोधत असतो, आणि ती दोनच ठिकाणी सापडतात: माणसात किंवा त्याच्या परिस्थितीत. पुढच्या संशोधकांना दिसलं ते असं की दुसऱ्याकडे बघताना आपला हात माणसाकडे फार लवकर जातो. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांचा १९६७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोंच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, नेमून दिली होती, हे काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं. तरीही कॅस्ट्रोंच्या बाजूनं लिहिणारा मनातूनही त्यांच्या बाजूचाच असणार, असंच वाचकांना वाटत राहिलं. नेमून दिलेलं काम समोर दिसत होतं, पण हिशेबात पुरेसं धरलं गेलं नाही. १९७७ साली ली रॉस यांनी या सवयीला ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ असं भारदस्त नाव दिलं. साध्या मराठीत, परिस्थिती वजा न करता माणसाला जोखणं.

इथं एक दुरुस्ती करते, कारण पुस्तकांत ही गोष्ट फार सरसकट छापलेली असते. स्वतःबद्दल बोलताना माणूस परिस्थिती सांगतो आणि दुसऱ्याबद्दल बोलताना स्वभाव, असं जोन्स आणि निस्बेट यांनी १९७१ मध्ये म्हटलं आणि ते जवळजवळ नियमासारखं शिकवलं गेलं. २००६ साली बर्ट्रम माले यांनी १७३ अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा सरासरीत हा फरक जवळपास उरलाच नाही. वाईट घटनांच्या बाबतीत मात्र तो दिसला, आणि चांगल्या घटनांच्या बाबतीत उलटा दिसला. तुमच्या पत्रात नेमकं हेच आहे. त्यामुळे पत्नीचं वाक्य मी थोडं वाढवून वाचेन: तुमचं चुकलं की कारण, जमलं की गुण; दादांचं चुकलं की स्वभाव, जमलं की योग.

आता सीसीटीव्ही.

मायकल स्टॉर्म्स यांनी १९७३ मध्ये दोन अनोळखी माणसांना गप्पा मारायला बसवलं आणि कॅमेरे लावले. नंतर काही जणांना त्यांचंच चित्रण समोरच्याच्या बाजूनं दाखवलं, म्हणजे बोलताना आपण बाहेरून कसे दिसत होतो ते. तोवर स्वतःच्या वागण्याला प्रसंगाची कारणं देणारी ही माणसं, स्वतःला समोरून बघितल्यावर स्वतःबद्दलही ‘मी आहेच तसा’ अशा सुरात बोलू लागली. डोळ्यांसमोर जे असतं तेच कारण वाटतं. आपण स्वतःकडे बघत नाही, आपण आपल्यासमोरच्या अडचणीकडे बघत असतो. दुसऱ्याकडे बघताना तोच तेवढा चौकटीत असतो आणि त्याची अडचण चौकटीबाहेर. तुम्ही तर ही चौकट खिशात घेऊन फिरताय. केबिनमधला कॅमेरा एक खुर्ची आणि मिटलेले डोळे दाखवतो. आदल्या रात्री ते डोळे किती मिटले होते, हे त्याला ठाऊक नाही.

म्हणून त्या एका ओळीकडे येते, जी तुम्ही जाता जाता लिहून पुढं गेलात: “तिचं डायलिसिस दादा-वहिनी बघतात, तो प्रश्न नाही.”

आठवड्यातून किती वेळा, ते पत्रात नाही. कोणत्या वारी, कोणत्या शिफ्टला, तेही नाही. कदाचित जागेअभावी लिहिलं नसेल, कदाचित ठाऊक नसेल. बहुतेक रुग्णांना आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा जावं लागतं आणि नुसतं मशिनवरच साधारण चार तास जातात. त्याआधी म्हाताऱ्या माणसाचं आवरणं, गाडीत बसवणं, वजन करणं, मशिन मोकळं व्हायची वाट बघणं. झाल्यावर कधी बीपी खाली येतो, कधी पायात गोळे येतात, घरी आल्यावर रुग्ण गळून पडलेला असतो. मधल्या दिवसांतही सुटी नाही. पाणी मापून द्यायचं, नारळपाणी द्यायचं नाही, रात्री धाप लागली की उठून बसायचं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की गावातले बरेच रस्ते बंद होतात, आणि डायलिसिसची पाळी तरी चुकवून चालत नाही. मग कुठल्या रस्त्यानं न्यायचं, याचा विचार रात्रीपासूनच सुरू होतो.

आता मीही तुमचीच वाट धरू शकते. एका ओळीवरून दादांना श्रावणबाळ ठरवणं हे तुम्ही त्यांना आळशी ठरवण्याइतकंच घाईचं होईल. दादा खरोखरच कंटाळले असतील, त्यांचं दुसरंच काही चाललं असेल, साठ हजार भलतीकडेच गेले असतील. हे मला कोल्हापुरात बसून कळणार नाही, आणि तुम्हाला उद्यमनगरात शेजारच्या मशिनवर उभं राहूनही कळलेलं नाही. त्यामुळे अंदाज बाजूला ठेवून तपासायचं कसं, ते सांगते.

हॅरॉल्ड केली यांनी १९६७ साली यासाठी एक पद्धत मांडली. वागणं माणसामुळे की प्रसंगामुळे, हे ओळखायला तीन गोष्टी विचारायच्या. त्या ठिकाणी दुसरं कुणी असतं तर तेही तसंच वागलं असतं का? हा माणूस सगळीकडे असाच वागतो, की ठरावीक ठिकाणीच? आणि तो नेहमीच असा होता का? तुमच्याकडे जॉब तपासायला व्हर्निअर आणि मायक्रोमीटर असतात. नुसत्या डोळ्यानं बघून तुम्ही पीस रिजेक्ट करत नाही. दादांना मात्र तुम्ही डोळ्यानं बघूनच रिजेक्ट केलंत.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर तुम्हीच दिलंय. चौदा वर्षांपैकी तेरा वर्षं हाच माणूस नऊच्या आत शटर उघडत होता. आळस हा जर स्वभाव असेल तर तो तेरा वर्षं कुठल्या कपाटात ठेवला होता? ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण जन्मभर सारख्या वागणाऱ्या माणसासाठी आहे. वर्षभरापूर्वी बदललेल्या माणसाच्या बाबतीत आधी हे विचारायचं की वर्षभरापूर्वी काय घडलं. आईचं डायलिसिस कधी सुरू झालं, त्या महिन्याचं नाव आठवून बघा. माझं बोट मी एवढ्यावरच ठेवते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला थोडं फिरावं लागेल. दादा घरी कसे असतात? शिरोलीच्या पार्टीशी कसे बोलतात, पूर्वीसारखे की तुटक? मामांवर ओरडले, तसे इतरांवरही ओरडतात का, की तेवढा एकच प्रसंग? सगळीकडेच चिडचिड असेल तर माणूस थकलाय किंवा आजारी आहे, अशीही शक्यता धरा. बीपी-शुगर तपासायला सांगणं हे त्यांना घमेंडखोर म्हणण्यापेक्षा सोपं आहे. फक्त शॉपमध्ये, त्यातही फक्त तुमच्याशीच तुटक असतील, तर गोष्ट तुम्हा दोघांतली आहे आणि त्यात निम्मे तुम्ही आहात. पहिला प्रश्न सर्वांत सोपा: ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे अशा कुणालाही विचारा की तुम्ही कामावर किती वाजता पोचता.

आता जरा वेगळं सांगते, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट त्यातून उलगडते.

आपल्याकडे माणसं एरवी परिस्थिती बरीच बघतात, असं संशोधनातही दिसलंय. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूरमधल्या हिंदू आणि शिकागोमधल्या अमेरिकन लोकांना ओळखीच्या माणसांच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणं विचारली. त्यातला एक किस्सा डोक्यातून जात नाही. एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघालेला, मागं एक जण बसलेला. मागचं टायर फुटलं, मागचा पडला, डोक्याला मार लागला. वकिलानं त्याला दवाखान्यात सोडलं आणि जखम किती गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच तो कोर्टात निघून गेला. पुढं तो माणूस दगावला. अमेरिकेतल्या लोकांच्या बोलण्यात बेजबाबदारपणा आला, स्वतःच्या पेशापुढे दुसऱ्याची पर्वा नसणं आलं. म्हैसूरकरांच्या बोलण्यात वेगळंच आलं: अशिलासाठी कोर्टात हजर राहणं हे त्याचं कर्तव्य होतं, तो गोंधळला असेल, जखम वरून तेवढी वाटली नसेल. दोन्हीकडची लहान मुलं मात्र बरीचशी सारखीच उत्तरं देत होती. फरक वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे परिस्थिती बघणं हे आपण मोठं होता होता, घरातल्या आणि दारातल्या गप्पा ऐकत शिकतो.

मला वाटतं, कोल्हापुरातही ते शिकवलं जातं. गल्लीतलं कुणी तालमीच्या मिटिंगला आलं नाही तर ‘असेल काहीतरी अडचण’ असं म्हणणारा एक तरी म्हातारा कट्ट्यावर असतोच.

पण ही सवलत आपण सगळ्यांना देत नाही. टेलर आणि जग्गी यांनी १९७४ मध्ये दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांचा अभ्यास केला. हिंदू माणूस चांगलं वागला तर त्याचा स्वभाव, वाईट वागला तर परिस्थिती, अशी कारणं त्यांनी दिली. मुसलमान माणसाच्या बाबतीत हा कल उलटला. धर्माच्या, जातीच्या, पेठेच्या रेघेवर हे रोज घडतं, त्यावर वेगळं सदर लिहावं लागेल. तुमच्यापुरतं एवढंच बघा: परिस्थितीची सवलत मिळते आपल्या माणसाला, आणि स्वभावाचा शिक्का बसतो परक्यावर. तुमच्या पत्रात कास्टिंग उशिरा देणाऱ्या फौंड्रीवाल्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. त्याचा उशीर तुम्ही मुकाट गिळलात. दादांच्या उशिराला मात्र तीन विशेषणं. भाऊ तुमच्या लेखी परक्या बाजूला कधी गेला, हे तुम्ही स्वतःला विचारायला हवं. साठ हजारांच्या दिवशी की त्याच्या आधीच? माझा अंदाज, त्या ‘सांगतो नंतर’पासून. पैसे निघाले त्यापेक्षा उत्तर मिळालं नाही, हे जास्त बोचलंय. ते बोचणं रास्त आहे.

आणखी एक, ऐंशी टक्क्यांबद्दल. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामातला तुमचा वाटा किती. दोघांच्या आकड्यांची बेरीज बहुतेक कामांत शंभरच्या वर गेली. भांडण काढण्यासारख्या नको त्या गोष्टींतही, म्हणजे फुशारकी हे एकच कारण नव्हतं. आपण केलेलं काम आपल्याला आठवतं, कारण तिथं आपण हजर होतो. दुसऱ्यानं रात्री दहाला पार्टीला केलेला फोन आपल्या आठवणीत येणार कुठून? दादांना त्यांचा टक्का कागदावर लिहायला सांगा, तुम्ही तुमचा लिहा आणि बेरीज करा. एकशे तीस आली तर दोघांनी चहा प्या आणि कामांची यादी करायला बसा. जीएसटी कोण भरतं, वसुली कोण करतं, टूलचे इन्सर्ट कोण मागवतं, कामगारांच्या उचलीचा हिशेब कुणाकडे. आईची देखभालही त्याच कागदावर, खाली वेगळ्या रकान्यात लिहा. ती कंपनीचं काम नाही, पण दोन भागीदारांपैकी एकाचेच तास ती खाते.

बोलायचं कसं, यापेक्षा कधी बोलायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. डॅनिएल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लोकांना एका अस्वस्थ दिसणाऱ्या बाईचं आवाज नसलेलं चित्रण दाखवलं. तिला नाजूक, खासगी विषयांवर बोलायला लावलंय, हे काहींना सांगितलं होतं. ज्यांचं डोकं मोकळं होतं त्यांनी ते ध्यानात घेतलं: असल्या विषयावर कुणीही अस्वस्थ होईल. ज्यांना त्याच वेळी ते विषय पाठ करायला लावले होते, त्यांना ही सूट देणं जमलं नाही. त्यांच्या लेखी ती बाईच घाबरट ठरली. गंमत बघा, ते विषय त्यांच्या तोंडपाठ होते, तरी उपयोग झाला नाही. स्वभावाचा शिक्का फुकट बसतो, परिस्थिती वजा करायला मात्र डोकं रिकामं लागतं. तुम्ही दादांबद्दलचे निष्कर्ष कधी काढता? पाचची गाडी भरायची असताना, टूल तुटलेला असताना, पार्टीचा फोन कानाला असताना. त्या वेळी काढलेला निष्कर्ष वहीत हवा तर लिहून ठेवा, पण त्यावर निर्णय घेऊ नका.

म्हणून शॉपमध्ये बोलू नका, फोनवर तर नकोच. सुटीच्या दिवशी दादांच्या घरी जा, आधी आईजवळ बसा. मग दोघं रंकाळ्याला चक्कर मारायला निघा. तिथं “तू असा का झालायस” असं विचारलंत की संपलं, कारण त्याला ‘मी असाच आहे’ याशिवाय उत्तर नाही. एक दिवस धरून विचारा: “त्या गुरुवारी तुला अकरा वाजले, काय झालं होतं?” आणि उत्तर मिळेपर्यंत मधे आपलं कास्टिंग आणि वीज आणू नका. पत्नीला वहिनींकडे चौकशीला पाठवण्याची आपल्याकडे रीत आहे, तीही टाळा. त्या दोघींनी तुमचा निरोप्या होण्याचं काही कारण नाही.

शिवाय येत्या महिन्यापासून डायलिसिसचा एक वार तुम्ही घ्या. हे प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. ती तुमचीही आई आहे, आणि दादांचे अकरा कसे वाजतात हे दुसऱ्या कुठल्याही मार्गानं इतकं नेमकं कळणार नाही. त्या वारी दादा नऊला शटर उघडतात का, तेही आपोआप दिसेल. उघडलं तर तुमचा आळसाचा मुद्दा निकालात निघाला. मोकळी सकाळ मिळूनही, चार आठवडे गेल्यावरही दादा अकरालाच आले, तर मात्र तुमच्या म्हणण्यात काही तरी आहे, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे उत्तर दादांच्या वकिलाचं वाटेल. कारण समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. घरी कितीही ताण असला तरी सामायिक खात्यातून न सांगता रक्कम काढणं भागीदारीत बसत नाही. ते पैसे आईसाठी गेले असतील तरी बसत नाही. तसं असेल तर तो खर्च दोघांचा आहे, तो दोघांच्या खिशातून जायला हवा, फर्मच्या खात्यातून गुपचूप नव्हे. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि फर्मच्या हिशेबाच्या वह्या बघण्याचा हक्क तो प्रत्येक भागीदाराला देतो, त्यामुळे विचारायला संकोच नको. बँकेत जाऊन ठरावीक रकमेवरच्या व्यवहाराला दोघांच्या सह्या लावून घ्या. हा नियम दादांवरच्या अविश्वासाचा नाही, तुम्हालाही तोच लागू असेल, हे सांगून करा.

एवढं सगळं करूनही वेगळं व्हायचं ठरलं, तर त्याचं कारण ‘दादा आळशी आहे’ असं नसावं. दोघांची घरं, वेळा आणि गरजा आता वेगळ्या झाल्यात, हेही वेगळं व्हायला पुरेसं कारण आहे, आणि त्यात कुणाला दिवाळीला तोंड चुकवावं लागत नाही. आधी भागीदारीचं डीड काढून वाचा, विसर्जनाबद्दल काय लिहिलंय ते बघा. शेड कुणाच्या नावावर आहे, मशिनच्या कर्जाला जामीन कोण, पुण्याची आणि शिरोलीची पार्टी कुणाकडे जाणार, नऊ कामगारांची देणी कोण देणार, हे सीएंच्या समोर बसून लिहून घ्या. शक्यतो मार्चअखेरीला धरून करा, म्हणजे हिशेब दोनदा मिटवावे लागणार नाहीत.

मामांचं मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. वडिलांच्या वेळच्या माणसाचा सगळ्यांसमोर अपमान झाला, तर माफीही सगळ्यांसमोर मागायची आणि ती याच आठवड्यात. दादांना सांगा. ते तयार नसतील तर दुसरा भागीदार या नात्यानं तुम्ही मागा.